आसणवलीची छावणी

मेंगड्यांनी नकाशाची गुंडाळी टेबलावर सोडली. ती पुन्हा पुन्हा मिटायला लागली, तेव्हा त्यांनी चार कोपऱ्यांवर चहाचे चार रिकामे कप ठेवले आणि मला म्हणाले, "घ्या मॅडम, तुमचं राज्य."

मी वाकून पाहिलं. डोंगर, ओढे, पायवाटांच्या तुटक रेषा, आणि नदीच्या वळणावर काळ्या चौकोनांचा एक लहानसा पुंजका. त्याच्याशेजारी बारीक इंग्रजी अक्षरांत नाव छापलेलं होतं. आसणवली.

ते माझं गाव. मी चौथीत असताना ते हिरडी धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्यानंतर ते नाव मी कुठेही नुसतं असं छापलेलं पाहिलं नव्हतं. सरकारी कागदावर त्याच्याआधी नेहमी 'नवी' असायचं. नवी आसणवली, पुनर्वसित.

त्या वर्षी वरून फर्मान निघालं होतं की आपत्तीच्या वेळी जो हुकूम देणार, त्याने आधी हुकूम द्यायला शिकलं पाहिजे. इतकी वर्षं आम्ही न शिकताच देत होतो आणि लोक न ऐकताच वाचत होते, पण फर्मान ते फर्मान. म्हणून महसूल, पोलीस, आरोग्य, पाटबंधारे, अग्निशमन अशा सगळ्या खात्यांची माणसं पुण्याजवळच्या एका प्रशिक्षण संस्थेत आठवडाभर कोंडली होती. मी तेव्हा नायब तहसीलदार होते. आमच्या टेबलावर माझ्याखेरीज मुख्य माणसं दोन. मेंगडे अग्निशमन दलातले, कोल्हापूरचे, बसल्या जागी खुर्ची हलवत राहणारे. आणि ठोंबरे, पाटबंधारे खात्यातले तरुण इंजिनियर, ज्यांचा आवाज ऐकायला आम्हाला तिसरा दिवस उजाडावा लागला होता.

शिकवायला शिरोडकर सर होते. मोठ्या शहराच्या अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, करड्या मिशांचे. त्यांचे नियम साधे होते. ज्याच्या अंगात कमांडरचं हिरवं जॅकेट, हुकूम त्याचा, मग समोर कलेक्टर असोत नाहीतर मंत्री. एका माणसाला साहेब एकच. आणि कमांड एकाकडून दुसऱ्याकडे जायची तर समोरासमोर, तोंडाने बोलून जायची. "नकाशा खोटं बोलत नाही," ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पण म्हातारा होतो. आधी जमिनीवरच्या माणसाला विचारा, मग नकाशाला." हे वाक्य आम्ही सगळ्यांनी उतरून घेतलं होतं आणि सगळ्यांनी विसरायचं ठरवलं होतं.

प्रत्येकाने एकदा जॅकेट घालून एक सराव पार पाडायचा, तरच प्रमाणपत्र. आज जॅकेट माझ्या अंगात होतं. ते एखाद्या पैलवानासाठी शिवलेलं असावं, कारण त्यात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या.

मला ते प्रमाणपत्र हवंच होतं, आणि शासनासाठी नव्हे.

आई तेव्हा माझ्या भावाकडे, नव्या आसणवलीत राहत होती. ते गाव पूर्वेला, दिवसभर एसटीत बसल्यावर येणाऱ्या माळावर. गल्ल्या इतक्या सरळ की या टोकाला शिंकलं तर त्या टोकाच्या माणसाने 'राम राम' म्हणावं. भात नाही, नाचणी नाही, झाडही दूरदूर नाही. आईने पहिली काही वर्षं ज्वारीची भाकरी औषध घेतल्यासारखी खाल्ली. धरण भरलं तेव्हा गावातली बरीच माणसं पाणी बघायला गेली होती. वडील म्हणाले, "आपल्या घरातलं कुणी जाणार न्हाई. मढं बघायला काय जायाचं?" ते होते तोवर कुणी गेलं नाही. ते गेले, आणि वर्ष सरायच्या आत आईने सुरू केलं.

"शालन, पाणी तरी दाव मला एकदा."

"जाऊ की आई. एक दिवस गाडी करून जाऊ."

"एक दिवस नगं. मला तितं ऱ्हायाचंय. तू एवढी सायबीण झालीस, मग तुझी बदली तिकडं का होत न्हाई?"

त्या तालुक्याच्या आपत्ती कक्षाची जागा रिकामी होती. धरणाच्या वर, डोंगराच्या सोंडेवर सरकारी क्वार्टर होतं आणि त्याच्या ओसरीतून पाणी दिसायचं, असं मला कळलं होतं. मी अर्ज केला. आमचे साहेब म्हणाले, "जागा तुमचीच, उतेकर. पण ते कमांडचं प्रशिक्षण पुरं करून या, त्याशिवाय मला सही करता यायची नाही." नापास झालं तर पुढची तुकडी पुढच्या वर्षी. आईचं वय बघता पुढच्या वर्षाचा भरवसा मी धरत नव्हते.

आणि आता ही आसणवली समोर. महाराष्ट्रात खोरी काय कमी होती?

सरावाची चिठ्ठी मेंगड्यांनी वाचून दाखवली. खोऱ्यात भूकंपाचा धक्का. वरच्या दोन वाड्यांतल्या घरांना तडे. घाटरस्ता बंद. पाऊस चालू. वाड्यांतली माणसं खाली आणायची, त्यांच्यासाठी छावणी उभारायची, आपल्या गाड्या आणि माणसं एका जागी जमवायची. कुठे, कशी, कुणी, ते कमांडरने ठरवायचं.

"बोला मॅडम," मेंगडे म्हणाले. "छावणी कुठं टाकायची?"

मी बोट ठेवलं. "आसणवलीत."

मला ठाऊक नव्हतं असं नाही. चांगलं ठाऊक होतं. पण त्या नकाशावर पाणी नव्हतं, त्याला मी काय करू? तिथे गाव होतं. नदी आपली कडेने वाहत होती. शाळेच्या जागी शाळा होती. मला वाटलं, असेना का, पाचच मिनिटं. पाच मिनिटांनी सांगू की सर, हे बुडालेलं आहे.

"गाड्या शाळेपुढच्या पटांगणात लावा," मी म्हणाले. "पाऊस असला तरी तिथे चाक रुतत नाही, खाली मुरूम आहे. वरच्या वाडीची माणसं आंब्याच्या टेकाडावरून आणू नका, तिथे निसरडं असतं. खिंडीतून आणा. लांब पडेल, पण म्हातारी माणसं चालू शकतील."

मेंगडे लिहून घेत होते. "दवाखाना?"

"चावडीत. तिला दोन दारं आहेत, एकातून आत आणा आणि दुसऱ्यातून बाहेर न्या. स्वयंपाक सपकाळांच्या खळ्यावर, वर ताडपत्री ताणून. तिथे कसलाही वारा असो, चूल विझत नाही. आमच्या... गावातली सगळी लग्नं तिथेच व्हायची."

"लग्नं?"

"असतील, म्हणते."

"मॅडम," मेंगडे पेन खाली ठेवून म्हणाले, "तुमी तर कालच तितं जेवून आल्यासारखं सांगायलाय! मी एवढी वर्षं नोकरी केली, पण मला आमच्या स्टेशनचं मागचं दार सांगता यायचं न्हाई."

मी हसले. मला थांबता येईना. मी म्हाताऱ्यांना देवळाच्या मंडपात झोपवलं, बाळंतिणींना पाटलांच्या माडीवर. ढोरं ओढ्यापलीकडच्या आसणाच्या राईत बांधली. पाणी खालच्या विहिरीचं, ते उन्हाळ्यातही आटायचं नाही. वाड्यांमधली ती सगळी माणसं भिजत, कुडकुडत गावात येत होती आणि गाव त्यांना घेत होतं. प्रत्येक दारात कुणीतरी उभं होतं. मी तर सगळ्यांना नावानिशी ओळखत होते. तो सबंध तास मी आसणवलीत होते, आणि तिथून परत यायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं.

ठोंबरे माझ्यासमोर बसून होते. नियोजनाचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणजे परिस्थिती खरी काय आहे ते कमांडरला सांगायचं. त्यांनी एकदा तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं.

मग शिरोडकर सर आमच्या टेबलापाशी आले. मागोमाग इतर गटही येऊन उभे राहिले.

"छावणी कुठे, कमांडर?"

"आसणवलीत, सर."

"गाड्या?"

"आसणवलीत. शाळेपुढे."

"दवाखाना, स्वयंपाक, सगळं तिथेच?"

"हो सर."

त्यांनी टेबलाभोवती नजर फिरवली. "या खोऱ्यात प्रत्यक्ष कोण गेलंय?"

ठोंबरे उभे राहिले. "मी, सर. हिरडी धरणावर दोन वर्षं होतो."

"मग सांगा कमांडरना. आसणवली कुठे आहे?"

ठोंबरे माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जलाशयात, सर. पूर्ण भरलं की गावावर सात-आठ पुरुष पाणी असतं. हा नकाशा धरणाच्या आधीचा आहे."

"म्हणजे उतेकर मॅडमनी सगळी माणसं भूकंपातून वाचवली आणि धरणात नेऊन सोडली."

हॉल हसला. मेंगडे तर खुर्चीसकट हसले. मीही हसले, दुसरं काय करणार?

"ठोंबरे, तुम्हाला माहीत होतं. तुम्ही बोलला का नाहीत? हुकूम पाळणं हे तुमचं काम नव्हतं, खरं सांगणं हे होतं."

ठोंबरेंचे कान लाल झाले. "सर, मॅडम इतक्या खात्रीने सांगत होत्या... मी त्या पाण्यावर रोज मोटरबोटीने फिरलोय. पण ऐकता ऐकता मलाच वाटायला लागलं की गाव आहे."

हसणारे थोडे कमी झाले. शिरोडकर सरांनी खिशातून एक निळी पेन्सिल काढून माझ्यापुढे ठेवली.

"चूक झाली म्हणून कमांड संपत नाही. आराखडा दुरुस्त करायचा आणि पुढे जायचं. तुम्हाला जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ आहे. आधी पाणी रंगवा. ठोंबरे, पातळी सांगा."

ठोंबरेंनी उंचीची एक रेषा दाखवली. "ही, मॅडम. हिच्या खालचं सगळं."

मी त्या रेषेवरून पेन्सिल फिरवली. ती डोंगराच्या पोटातून आत-बाहेर करत गेली, खिंडीच्या खालून वळली आणि पुन्हा सुरुवातीला येऊन मिळाली.

"आत भरा," सर म्हणाले. "नुसती रेषा नको. घाईत कुणी पाहिलं तरी कळलं पाहिजे की इथे पाऊल ठेवायचं नाही."

मी खालून सुरुवात केली. आधी नदीकाठची खाचरं भरली. मग स्मशान, तिथे माझी आजी होती. मग आसणाची राई, खालची आळी, देऊळ. खरं पाणीसुद्धा याच क्रमाने चढलं असणार, आणि तेव्हा आमच्या घरातलं कुणी तिथे नव्हतं. चावडी भरली, सपकाळांचं खळं भरलं. शाळा म्हणजे नुसता एक ठिपका होता, पेन्सिलीच्या एका फटकाऱ्यात तो गेला. मग वरच्या आळीच्या पाच चौकोनांपाशी आले आणि हात थांबला.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"इथे विहीर आहे."

ते वाकले, चष्मा वर करून नीट पाहिलं. "नकाशात नाही."

"नाही सर. घरची आहे. आमच्या घरामागच्या परड्यात."

आता कुणीच हसत नव्हतं. मेंगड्यांची खुर्ची पहिल्यांदा स्थिर झाली. शिरोडकर सर सरळ झाले आणि हळू आवाजात म्हणाले, "ठोंबरे, तुम्ही कमांड घेता?"

नियमाप्रमाणे ठोंबरे टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर आले. त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त उतरला होता. "मॅडम, देता का कमांड?"

मी दिली असती तर पेन्सिल त्यांच्या हातात गेली असती आणि आमचं घर त्यांनी बुडवलं असतं. माझा हात मोकळा राहिला असता. पण प्रमाणपत्र हातचं गेलं असतं, आईचं पाणीही. आणि दुसरं एक मनात आलं. परक्या माणसाने का भरावं? गेलंच आहे तर घरच्या हाताने जाऊ दे.

"नाही," मी म्हणाले. "कमांड माझ्याकडेच आहे."

मी ते पाचही चौकोन भरले. मधला आमचा. कागद तिथे जरा खरखरीत होता, म्हणून दोनदा हात फिरवावा लागला.

मग मी छावणी वरच्या पठारावर हलवली, धनगरांच्या जुन्या तळावर. गाड्या पाण्याच्या रेषेच्या बऱ्याच वर, डोंगराच्या सोंडेवर ठेवल्या, रुग्णांसाठी बोटी मागवल्या. ठोंबरेंनी मला लाट आणि वाऱ्याची माहिती दिली आणि ती मी वापरली. आराखडा बिनचूक होता. माझा आवाजही, म्हणे, अजिबात कापला नाही. एरवी सर नकाशे आमच्याकडून गुंडाळून घ्यायचे. त्या दिवशी त्यांनी चारही कप स्वतः उचलले आणि नकाशा स्वतः गुंडाळला.

मी पास झाले. साहेबांनी शब्द पाळला आणि दसऱ्याच्या सुमाराला मी आईला घेऊन क्वार्टरमध्ये राहायला गेले.

आई पाणी बघायला निघाली ती नवं लुगडं नेसून. नदीची ओटी भरायला तिने खण-नारळ आणला होता. ओसरीच्या कठड्याला धरून ती उभी राहिली. धरण तुडुंब होतं. डोंगरापासून डोंगरापर्यंत स्वच्छ, शांत पाणी होतं आणि खरं सांगायचं तर ते फार सुंदर दिसत होतं.

"आपलं घर कुठं?" तिने विचारलं.

मला ते बोटभर इकडे-तिकडे न होता सांगता आलं. "ती समोरची सोंड बघ. तिच्या टोकापासून सरळ आत ये. तिथं."

"तितं?"

"हं."

"तितं तर काईच न्हाई गं," ती म्हणाली.

मग खाली काठावर जाऊन तिने ओटी पाण्यात सोडली. त्यानंतर ती ओसरीत फारशी बसेना. आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसायची, ते निवडून झाले की पुन्हा तेच निवडायची. मी विचारलं की नुसतं "कुटं काय" म्हणायची. तालुक्यात तांदूळ होता, नाचणी होती, लहानपणचा पाऊस होता. मी ऑफिसातून धावत घरी यायचे आणि ती दिवसेंदिवस वाळत चालली होती. मला राग यायला लागला. एवढ्यासाठी मी काय काय केलं होतं!

एका दुपारी जेवताना ती म्हणाली, "शालन, मला माळावर पोचव."

"का? इथं काय कमी आहे तुला? तूच म्हणालीस ना, पाणी दाव म्हणून?"

"म्हनले. चुकलंच माजं." तिने भाताचे दोन घास बाजूला केले. "तुझा बा म्हनत हुता ते खरं हुतं. तिकडं काय बी न्हवतं बग, निस्ता माळ. पर डोळं मिटलं की गाव दिसायचा. रोज चुलीम्होरनं उठायची, परड्यातनं हिरीपातुर जायची, शेजारनीसंगं बोलायची, मग झोप लागायची. हितं आल्यापास्नं डोळं मिटलं तरी पानीच."

मी हातातला घास ताटात ठेवला. त्या हॉलमध्ये त्या दिवशी मला काय झालं होतं, ते मला तेव्हा कळलं. मलाही त्या दिवसापासून गाव दिसत नव्हतं. मी ते कामाच्या धांदलीवर ढकललं होतं. शाळा म्हटलं की निळं, चावडी म्हटलं की निळं. वडिलांनी आम्हाला मागे वळून पाहू दिलं नाही, ते कठोर म्हणून नव्हे. त्यांना गाव राखायचं होतं, आणि त्यांनी ते इतकी वर्षं राखलं होतं.

आईला मी माळावर पोचवलं. मी मात्र तिथेच राहिले. नोकरी होती, पावसाळे होते. पुढे दोन पुरांत मी ते हिरवं जॅकेट घातलं आणि माणसं वाचवली, ते वेगळं.

संक्रांतीला घरी गेले तेव्हा आई सरळ गल्लीतल्या सरळ दारात, उन्हात डोळे मिटून बसली होती. चेहरा भरला होता. मी शेजारी जाऊन बसले.

"आई, दिसतं का गं परत?"

"दिसतंय की," ती डोळे न उघडता म्हणाली. "पयले पयले समदं पान्यात हुतं. मग हळूहळू उतरलं."

"काय दिसतंय आता?"

"ही काय, सांज झालीया. ढोरं वड्यावरनं येत्यात. सपकाळाची म्हातारी खळं झाडतीया. तुझा बा अजून आला न्हाई रानातनं."

मी तिच्याजवळ सरकले. मी साहेबीण, चाळिशी उलटलेली, मुलाबाळांच्या वयाचे कारकून हाताखाली असलेली. तरी विचारलंच.

"आणि मी? मी कुठं हाय?"

"तू परड्यात, हिरीच्या काठावर," आई म्हणाली. "कवाधरनं हाका मारतीया तुला. येतच न्हाईस."